चौकट क्रमांक नऊ

कॅनबेरा,
६ मार्च २०२३

प्रिय इनोसी,

माझं पाकीट बघून आत्या आधी घाबरेल. तिला सांग, पोरगी बरी आहे, दोन्ही वेळ जेवते, आणि थंडी पडायला अजून अवकाश आहे. फोनच केला असता. पण रेंजसाठी तुम्हाला टेकडी चढावी लागते, वर पोचेपर्यंत आत्या धापा टाकत असते, "जेवलीस का" एवढं विचारते आणि फोन मरतो. शिवाय आजचं काम तोंडी होण्यासारखं नाही.

मी इथे नेमकं काय करते, हे तू दर ख्रिसमसला विचारतोस आणि मी दर ख्रिसमसला विषय बदलते. आता ऐक. आमच्या खात्यात आम्ही पाच जण मिळून एकच गणित सोडवतोय. कोळसा किंवा डिझेल जाळून एक टन कार्बन हवेत गेला, तर त्या एका टनापायी साऱ्या जगाचं पुढच्या तीनशे वर्षांत किती नुकसान होईल? डॉलरमध्ये किती? पिकं करपणं, उन्हाने माणसं मरणं, समुद्र आत येणं, सगळं धरून. हा आकडा एकदा ठरला की सरकारपुढे येणारी प्रत्येक खाण, प्रत्येक वीजघर त्याने तोललं जाणार. आकडा मोठा निघाला तर खाण तोट्याची ठरते, लहान निघाला तर फायद्याची.

आमच्या तक्त्यात अमेरिकेच्या मक्यासाठी चारशे पानं आहेत. आपल्या फिजीसारख्यांसाठी एक ओळ आहे: "प्रशांत महासागरातील बेटे, इतर." त्या ओळीत जे आकडे आहेत ते कुठून आले, कुणालाच ठाऊक नाही. मी साहेबांना विचारलं. डेस्मंड क्विल्टी त्यांचं नाव. घरून थर्मासमध्ये सूप आणतात, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, स्वभावाने भले आहेत. म्हणाले, "कुणीतरी भरले असतील, लितिआना. जागा रिकामी दिसू नये म्हणून." मी म्हटलं, मी एक खरंखुरं गाव देते. ते म्हणाले, "दे."

तेव्हा तू आपलं नुकुवेसी गाव मोजून दे. घरं किती, त्यांतली राहती किती. भरतीचं पाणी कुठवर येतं. दालोच्या कंदांची किती खाचरं खारट झाली. बंधाऱ्याची काय दशा आहे. तू गावचा कारभारी आहेस, तुझं कुणी अडवणार नाही. आणि नीट मोज. शाळेत माझी गणितं तूच सोडवून द्यायचास. स्कॉलरशिप मला मिळाली, हे तू मला अजून विसरू दिलेलं नाहीस.

यंदा ख्रिसमसला येते. नक्की.

तुझी,
लिती


नुकुवेसी,
२ एप्रिल २०२३

लितिआना बाईसाहेबांच्या सेवेशी,

तुझं पत्र सावुसावूच्या पोस्टात नऊ दिवस पडून होतं. पोस्टमास्तर म्हणाला, "इतकं जाड पाकीट, मला वाटलं कोर्टाचं असेल." मी म्हटलं, त्याहून वाईट आहे, मामेबहिणीचं आहे.

मोजलं. गळाच्या दोरीला वावावर गाठी मारल्या आणि तीन दिवस गावभर फिरलो. लोकांना वाटलं मला उन्हाचा त्रास झाला. घरं सत्तावीस, त्यांतली नऊ रिकामी. पुढच्या चारांचे तर नुसते खांब पाण्यात उभे आहेत. बंधारा तीन ठिकाणी फुटलाय. पौर्णिमेच्या भरतीला पाणी चर्चच्या दुसऱ्या पायरीला लागतं. ओढ्याकाठच्या वीस खाचरांपैकी चौदांत आता दालो होत नाही, कंद लागतो पण कुजतो. उतारावर कसावा लावतोय. तो खाऊन खाऊन पोरांनी तोंडं वाकडी केलीत.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती चटई विणत बसली होती.

"घराची किंमत विचारलीय," मी म्हटलं.

"विकायचंय का तिला?"

"नाही गं आई. नुकसान मोजायचंय."

"मग हे पण लिही, की भरतीला मासे माझ्या स्वयंपाकघरात येतात. मेले चुलीपर्यंत मात्र येत नाहीत."

मग मी दफनभूमीवर आलो. एकसष्ट कबरी. समुद्राकडच्या पहिल्या रांगेत आजोबा, थोरले पाद्री आणि तुझे वडील. त्यांच्या पायथ्याची वाळू धुपायला लागलीय, हे तुला सांगायचं नव्हतं, पण नीट मोज म्हणालीस म्हणून सांगतो. आईने विणणं थांबवलं.

"माझ्या भावाच्या कबरीचं काय लिहिणार ती?"

"त्याला बहुतेक रकाना नसेल."

"मग म्हणावं, रकाना पाड."

आणखी एक. राजधानीतून, सुवाहून अधिकारी येऊन गेला. गाव टेकडीवर हलवायची योजना आहे. सध्या बारा घरं मिळतील, चर्च नाही, कबरी हलवायची तरतूद नाही. आईने त्याला तोंडावर सांगितलं, "भावाला पाण्यात टाकून मी वर चढू? तुला बहीण नाही वाटतं." बिचारा चहा न पिता गेला.

त्या संध्याकाळी यांगोना प्यायच्या बैठकीत मी तुझ्या कामाचं बोललो. काय सांगू तुला! म्हाताऱ्यांनी तीन-तीनदा टाळ्या वाजवल्या. आपली लितिआना ऑस्ट्रेलियाच्या सरकारात बसून आपल्या गावाचा आकडा काढतेय! बारा घरांत भागत नाही, सत्तावीस हवीत, चर्च हवं. तेव्हा बाई, आकडा मोठा काढ. लहानपणी चिंचोके वाटताना काढायचीस तसा.

तुझा,
इनोसी


कॅनबेरा,
१ मे २०२३

प्रिय इनोसी,

तुझे आकडे मी क्विल्टींच्या टेबलावर ठेवले तेव्हा ते म्हणाले, "गाठी मारलेली दोरी? आपल्याकडच्या अर्ध्या कागदांपेक्षा हे भरवशाचं आहे." तुझं गाव आता अहवालात असेल. नाव नसेल, पण असेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. हा आकडा म्हणजे भरपाई नव्हे. तो कुणी कुणाला देणार नाही, त्यातून घरं बांधली जाणार नाहीत. पण मोठा आकडा आला तर मोठ्या माणसांचं लक्ष तुमच्याकडे वळेल, आणि त्यातून तुमच्यासाठी काहीतरी चांगलं निघेलच.

आता माझं रडगाणं. नुकसान व्हायचंय पुढे, आणि खाणीला परवानगी द्यायचीय आज. मग पुढचं नुकसान आजच्या पैशात आणताना ते लहान करतात. किती लहान, ते दर वर्षाच्या टक्क्यावर. पन्नास वर्षांनी होणारं शंभर डॉलरचं नुकसान दोन टक्क्यांनी आणलं तर आजचे सदतीस डॉलर होतात. सात टक्क्यांनी आणलं तर जेमतेम साडेतीन. आमच्याकडे सगळ्या कामांना सात धरायची पद्धत आहे. धरण असो, पूल असो, सात. मी दोनसाठी भांडतेय. दोनने एका टनाचे एकशे ऐंशी डॉलर होतात, सातने बावीस.

काल क्विल्टींना म्हटलं, "पन्नास वर्षांनी जन्मणारं पोर आजच्या पोराच्या तिसाव्या हिश्शाचं असतं का?"

"नसतं. पण ते मतदान करत नाही," ते म्हणाले. मग स्वतःच ओशाळले.

दुसरं त्याहून कठीण आहे. ज्याची कमाई कमी, त्याचं नुकसान आपोआप कमी भरतं. आत्याचं घर बुडालं तर तक्त्यात पानही हलत नाही. आणि कबरींना रकाना नाही. मी दोनदा टाकून पाहिला, दोनदा काढला गेला. बाजारात विकली जात नाही ती गोष्ट कुठल्या भावाने लिहायची, असं विचारतात. हे आत्याला वाचून दाखवू नकोस.

लिती


नुकुवेसी,
३० जुलै २०२३

लिती,

बातमी घे. वाचून खुर्चीवरून उडशील, म्हणून बसून वाच.

२२ तारखेला सुवाचा अधिकारी कागद घेऊन परत आला. बारा घरं, सही करा, पुढच्या महिन्यात जमीन सपाट करायला यंत्र येईल. सगळं गाव जमलं होतं. मी उभा राहिलो. आयुष्यात कधी इतकं नीट बोललो नसेन. म्हटलं, साहेब, तुमचे आभार, पण आमच्या गावाची मोजणी ऑस्ट्रेलियात चालू आहे, आमचं माणूस त्यात आहे. तो आकडा येऊ दे. मग आम्ही पुऱ्या गावाचं बोलू. तुझं वाक्य मोठ्याने वाचलं: "मोठ्या माणसांचं लक्ष तुमच्याकडे वळेल, आणि त्यातून तुमच्यासाठी काहीतरी चांगलं निघेलच." त्याच्या आधीचं भरपाईचं वाक्य वाचलं नाही. म्हाताऱ्यांना उगाच कशाला गोंधळात टाकायचं?

अधिकारी म्हणाला, "यंदाची घरं मग मी खाडीपलीकडच्या गावाला देतो. त्यांनी दोनदा विचारलंय." मी म्हटलं, द्या. त्यांना दालोसुद्धा नीट उकडता येत नाही, घरं तरी मिळू देत.

लोक माझ्याकडे असं बघत होते, लिती, की जणू मी बंधारा एका हाताने उचलून ठेवलाय.

आई ठीक आहे. चटया विणते. तुझी आठवण काढते.

इनोसी


कॅनबेरा,
२८ ऑगस्ट २०२३

इनोसी,

हे पत्र पोचेल त्या दिवशी सावुसावूच्या कचेरीत जा आणि तिथून त्या अधिकाऱ्याला गाठ. पाया पड, काहीही कर, बारा घरं परत मिळव. चर्च मागाहून होईल. माझ्या आकड्यासाठी थांबू नका. तो अजून पक्का झालेला नाही, आणि झाला तरी तो तुमच्यासाठी नाही. मी ते आधी लिहिलं होतं. तू ते वाचलं का नाहीस?

रागावून लिहीत नाही. घाबरून लिहितेय.

ख्रिसमसला येणं जमेलसं वाटत नाही. इथे कामं वाढलीत. आत्याला तू समजाव.

लिती


नुकुवेसी,
३ ऑक्टोबर २०२३

लिती,

गेलो होतो. यंदाची यादी बंद झाली, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. खाडीपलीकडे यंत्र फिरतंय, आवाज इथवर येतो.

तू उगाच घाबरतेस. समुद्र काही आजचा नाही. थंडीत राहून तुझी छाती लहान झालीय, एवढंच. आकडा पक्का झाला की कळव.

इनोसी


नुकुवेसी,
१२ फेब्रुवारी २०२४

डॉ. लितिआना राइकिवी यांस,
स. न. वि. वि.

आपण कामात असता, म्हणून झालेलं सगळं एकदाच लिहितो.

१४ जानेवारीच्या रविवारी, अमावास्येनंतरच्या भरतीला, सकाळची प्रार्थना चालू असताना समुद्र आला. वादळ नव्हतं. आकाश निळं होतं. लांबून कुठून तरी मोठ्या लाटा उठल्या होत्या, त्या भरतीवर चढून आल्या. दुसरं भजन संपायच्या आत पाणी बाकांखाली आलं. आम्ही पोरं आणि म्हातारी माणसं उचलून टेकडीकडे पळवली. आईला मी वाटेवर उभं केलं आणि परत फिरलो. मी तिसऱ्या फेरीला आलो तेव्हा ती जागेवर नव्हती.

ती दफनभूमीत होती. पहिली रांग उघडी पडली होती. कमरेएवढ्या पाण्यात ती आणि आणखी चार बायका उभ्या होत्या, मध्ये चटई धरून. आईच्या हातची चटई, गावातल्या एका लग्नासाठी विणत होती ती. लाट मागे हटली की त्या वाकायच्या, हाताला लागेल ते उचलून चटईवर ठेवायच्या. मी ओरडलो, "आई, वर चल!" तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "अजून डोकं सापडलं नाही." दोन तास त्या पाण्यात होत्या. तुमचे वडील सापडले, बहुतेक सगळे. आजोबा सापडले नाहीत.

सहाव्या दिवशी तिला ताप भरला. छातीत पाणी झालं. ट्रकने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी होईल ते केलं, पण उशीर झाला होता, वय होतं. २३ तारखेला, मंगळवारी दुपारी, ती म्हणाली, "लितीला फोन लाव." मी लावला. तुम्ही उचललात. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "इनोसी, मी मीटिंगमध्ये आहे रे, संध्याकाळी करते." आणि ठेवलात. फोन मी तिच्या कानाशी धरला होता. ती म्हणाली, "कामात आहे पोरगी." चार वाजता गेली. संध्याकाळी तुम्ही केलात तेव्हा मी तिला घेऊन ट्रकमध्ये होतो, रेंजच्या बाहेर.

गुरुवारी टेकडीवर माती दिली. शेजारी तुमच्या वडिलांना. तुम्ही याल म्हणून शुक्रवारपर्यंत थांबू, असं काही जण म्हणाले होते. बरं झालं, थांबलो नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात रेडिओवर ऐकलं, की ऑस्ट्रेलियात उत्तरेकडच्या एका मोठ्या कोळशाच्या खाणीला मान्यता मिळाली. धुराचं नुकसान टनाला बावीस डॉलर धरलं, तरी खाण फायद्याची ठरते म्हणे. मी सावुसावूला जाऊन तुमच्या अहवालाची अकरा पानं छापून आणली. पहिल्या पानावर सही करणाऱ्यांत आपलं नाव तिसरं आहे. अहवाल मंगळवारी, २३ जानेवारीला सादर झाला, हेही तिथेच छापलंय, म्हणजे मीटिंग कोणती होती ते कळलं.

पान चाळीसवर चौकट क्रमांक नऊ आहे. "प्रशांत महासागरातील एक किनारी वस्ती." सत्तावीस घरं, नऊ रिकामी, चौदा खाचरं, सगळं माझ्या दोरीवरचं. चूक एकही नाही. खाली लिहिलंय: "दफनभूमी: बाजारमूल्य नाही." आणि त्याखाली: "एकूण नुकसान, आजच्या मूल्यात: नगण्य." हा शब्द मी बैठकीत वाचून दाखवला. पुष्कळांना कळला नाही. मला समजावून सांगावा लागला.

कळावे.

इनोसी
कारभारी, नुकुवेसी


कॅनबेरा,
१ मार्च २०२४

इनोसी,

तुझं "स. न. वि. वि." वाचलं. आते-मामे भावंडांनी एकमेकांना टोमणे मारले नाहीत तर भांडण झालंय असं समजावं, हे आत्यानेच शिकवलं होतं. म्हणून मी बचाव करत नाही, जे लपवलं तेवढं सांगते.

मी तुला २८ ऑगस्टला लिहिलं, आकडा अजून पक्का झालेला नाही. ते खोटं होतं. मी १८ ऑगस्टला सही केली होती. सातने. बावीसवर.

क्विल्टींनी मला कोपऱ्यात घेतलं नाही की धमकावलं नाही, म्हणजे त्यांच्यावर ढकलायची सोय नाही. आम्ही दोघं जिन्यात उभे होतो. ते म्हणाले, "बावीस दारातून आत जाईल. एकशे ऐंशी बाहेरच फेकतील, आणि मग शून्य उरेल. शून्यापेक्षा बावीस बरे. एकदा आत गेला की आकडा पुढे वाढवता येतो."

मी विचारलं, "पुढे म्हणजे कधी?"

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं, परत बसवलं. म्हणाले, "माझ्यानंतर. तू असशील तेव्हा."

हे शेवटचं वाक्य मला गोड लागलं, इनोसी. सप्टेंबरपासून मला वरची जागा मिळणार हे त्याआधी आठ दिवस मला कळलं होतं. एकशे ऐंशीसाठी अडून बसले असते तर मिळाली नसती, हे कुणी बोललं नाही, पण मला माहीत होतं. त्या आठवड्यात मी स्वतःला शंभरदा सांगितलं की बावीससुद्धा काही कमी नाही. चौकट नऊचा मसुदा माझा आहे. "नगण्य" हा शब्द माझा नाही, पण शेवटचा खर्डा माझ्याकडून पुढे गेला आणि मी तो खोडला नाही. घाईत होते. वाचला आणि पुढचं पान उलटलं.

तुझा फोन आला तेव्हा माझ्या मागे पडद्यावर तक्ता होता आणि समोर वीस माणसं. मी तुझं नाव पाहिलं. मला वाटलं, पुन्हा आकड्याचं विचारशील. म्हणून ठेवला. खरं कारण मीटिंग नव्हतं.

बुधवारी तुझ्या बायकोचा निरोप मिळाला. विमान होतं. गुरुवारी नाही, पण शुक्रवारी पोचले असते. बॅग भरून बसले होते आणि मग बसूनच राहिले. गावापुढे काय तोंड दाखवू? आत्या असती तर तिच्या मागे लपले असते. नेहमी तेच केलं. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, तिने मला कडेवर घेऊन दारं लावली आणि कुणालाही माझ्याशी रडत बोलू दिलं नाही. ती पाण्यात उभी राहून माझ्या बापाला गोळा करत होती. त्याच आठवड्यात मी सादरीकरणासाठी नवं जाकीट घेतलं.

चौकट काढून टाका असं मी लेखी मागितलं. छापलेला अहवाल बदलत नाही, असं उत्तर आलं. मी ती वरची जागा सोडली आहे. त्याने काही होत नाही, मला माहीत आहे. खाण होणार. आकडा तसाच राहणार, माझ्या जागी दुसरं कुणी तो वापरेल.

२ मेला शंभरावा दिवस. दुखवटा त्या दिवशी सुटेल. मला येऊ देशील? माफी मागायची आपली रीत आहे, तशी मागीन. इथल्या एका फिजीच्या म्हाताऱ्याकडे देवमाशाचा जुना दात आहे, तो द्यायला तयार आहे. तो घेऊन मी सगळ्या गावापुढे गुडघ्यांवर बसेन. त्यांनी घेतला तर घेतला. नाही घेतला तर ट्रकने परत जाईन.

लिती


नुकुवेसी,
२४ मार्च २०२४

लिती,

तुला "तुम्ही" म्हणून जे बरं वाटलं ते चार दिवस टिकलं.

तुझं पत्र टेकडीवर बसून वाचलं. खाली न्यायचं धाडस झालं नाही. तू सगळं सांगितलंस. आता माझं ऐक. हे बायकोलाही ठाऊक नाही.

जुलैच्या बैठकीच्या आधीच्या आठवड्यात आई एकटी टेकडी चढून गेली होती. तो अधिकारी जागा बघायला आला होता, त्याचा हात धरून. ज्याला चहा न पिता घालवलं होतं, त्याच्याच. खाली आली ती हसत. म्हणाली, "वारा छान आहे वर. पाद्र्याला विचारलंय मी. माझ्या भावाला उचलून वर नेता येतं, तो प्रार्थना म्हणायला तयार आहे. जागासुद्धा दाखवली मला. आता सही करून टाक." तिने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली होती, लिती. पेटीला दोरी बांधली होती.

मी म्हटलं, "आई, सहा महिने थांब. लितीचा आकडा येतोय. बाराच्या जागी सत्तावीस घरं मिळतील."

ती म्हणाली, "लिती लांब आहे. तिला तिथलं दिसतं. मला इथलं दिसतंय, पाणी पायरी चढतंय."

आणि मी म्हणालो, "तुला गणित कळत नाही."

संध्याकाळी तिने पेटीची दोरी सोडली आणि भांडी परत फळीवर लावली. बैठकीत ती शेवटच्या रांगेत बसली होती. मी बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. मग मी तुला लिहिलं, आई ठीक आहे, चटया विणते.

मला ती घरं नको होती असं नाही. मला तो दिवस हवा होता. सगळं गाव माझ्याकडे बघतंय आणि मी अधिकाऱ्याला नाही म्हणतोय. तू परदेशात गेलीस, मोठी झालीस. मी इथे कुणाचा कोंबडा कुणाच्या अंगणात गेला याचे निवाडे करत राहिलो. एकदा मलाही मोठं व्हायचं होतं. तुझं एक वाक्य वाचलं आणि एक गाळलं, ते म्हाताऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून नाही. ते वाचलं असतं तर माझं भाषण उरलं नसतं.

खाडीपलीकडे बारा घरं उभी आहेत. त्यांच्या भिंती पांढऱ्या आहेत, सकाळी ऊन पडलं की इथून दिसतात. आपली नऊ कुटुंबं टेकडीवर तंबूत आहेत, बाकीची खालीच. यंदाच्या यादीत नाव आलंय, पण आधी चार गावं आहेत.

आणि गाव तुला बोल लावतंय. बायका विहिरीवर तुझं नाव काढतात. मी ऐकतो आणि गप्प राहतो. मला कुणी काही म्हणत नाही. उलट बिचाऱ्याची आई गेली म्हणून टोपल्या भरून कसावा आणून देतात. तो मी खातो. मी अकरा पानं छापून आणली आणि तुझा शब्द सगळ्यांना समजावून सांगितला, ते का, हे आता तुला कळलं असेल. सगळ्यांची बोटं तुझ्याकडे असली की माझ्याकडे कुणी वळत नाही.

ये. येऊ देशील का, असं मला विचारू नकोस, मी कोण? बुधवारच्या ट्रकने ये, म्हणजे शंभराव्या दिवशी सकाळी तू इथे असशील. समुद्राकडची वाट आता नाही, ओढ्याच्या वरच्या अंगाने चालत ये. मी ओढ्यापाशी उभा असेन.

पण तुझ्या त्या एका दाताने भागणार नाही. तो तुझ्यापुरता. माझ्यासाठी मी थोरल्या काकांकडे मागितलाय. कशाला हवा, विचारलं त्यांनी. म्हटलं, शंभराव्या दिवशी सांगतो. ते उठले आणि आत जाऊन घेऊन आले.

गेले तीन रविवार मी चर्चमध्ये बोलायला उभा राहिलो, आणि तिन्ही वेळा भजनाचा क्रमांक सांगून खाली बसलो. तू शेजारी गुडघे टेकलेस तर कदाचित तोंड उघडेल.

इनोसी